आधी फाइल बघा, मग अर्ज लिहा

२००६ च्या पावसात आमच्या शाळेकडे जाणारा रस्ता उखडला. डांबर पडून वर्षही झालं नव्हतं. मी तेव्हा त्याच शाळेत शिकवत होते. माहिती अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाल्याचं वर्तमानपत्रात वाचलं होतं, तेवढ्या बळावर पहिला अर्ज केला. आता निवृत्तीनंतर बाजाराच्या दिवशी लोक अर्ज लिहून घ्यायला घरी येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

१. ‘का’ विचारू नये, कागद मागावा.

माझ्या पहिल्या अर्जात दोनच प्रश्न होते. रस्ता का उखडला आणि जबाबदार कोण? उत्तर आलं, ‘प्रश्नार्थक माहिती पुरवता येत नाही.’ मला फार राग आला, पण पुढे कायदा वाचल्यावर कळलं की दप्तरात असेल ते मागता येतं, साहेबांकडून खुलासा मागता येत नाही. दुसऱ्या अर्जात मी कागदांची नावं लिहिली: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची पानं, अंतिम देयक, ठेकेदाराचा करारनामा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणि पानाला दोन रुपये, एवढा खर्च.

करारनाम्यात एक कलम सापडलं. दोषदायित्व कालावधी तीन वर्षं. म्हणजे तेवढ्या काळात रस्ता खराब झाला तर ठेकेदारानं स्वखर्चानं नीट करून द्यायचा. सरपंचांनाही हे ठाऊक नव्हतं. गाव तर दुरुस्तीसाठी नवा निधी मागायच्या तयारीत होतं. ग्रामसभेत मी ते पान वाचून दाखवलं आणि दिवाळीनंतर त्याच ठेकेदाराचा रोलर गावात आला. आम्ही वर्षभर जे विचारत होतो त्याचं उत्तर सही-शिक्क्यानिशी कपाटात पडून होतं.

२. आधी फाइल बघावी.

कायद्याच्या कलम २ मध्ये नकलांबरोबरच कामाची आणि कागदपत्रांची पाहणी करण्याचा, साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. पुणे महापालिकेत २००९ पासून दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना फाइली बघता येऊ लागल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारनं तशीच व्यवस्था जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी केली. हा सोमवार फार थोड्या लोकांना माहीत आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. फाइल डोळ्यांखालून गेली असेल, कुठल्या पानावर कुणाची टिपणी आहे ते कळलं असेल, तर दीडशे शब्द पुरतात. न बघता लिहिणारा ‘सर्व कागदपत्रे’ मागतो आणि तीनशे पानांचं शुल्क भरा असं पत्र आलं की खचतो.

३. पोच हातात आल्याशिवाय उठू नये.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरं. तारखेची पोच नसेल तर यातलं काहीच उभं राहत नाही.

४. टेबलामागच्या माणसाला शत्रू समजू नये.

उशीर झाला तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड जन माहिती अधिकाऱ्याच्या पगारातून जातो. गावात हा अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आणि त्याच्याकडे कधी कधी दोन-तीन गावं असतात. एकदा एक तरुण ग्रामसेवक मला म्हणाला, “बाई, मोजमाप पुस्तक अभियंत्याकडे आहे. मी चारदा फोन केला. दंड मात्र मलाच होईल.” त्याला मी कलम ५ दाखवलं. ज्याच्याकडून मदत मागितली तो अधिकारीही त्या कामापुरता जन माहिती अधिकारीच ठरतो. “फोन करू नका, लेखी मागा,” म्हटलं. आठवड्याच्या आत पुस्तक आलं. खालच्या माणसाला घाबरवून वरचा माणूस सुटतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे आणि त्याची मला चीड येते.

५. मोठ्या व्यवहाराची माहिती एकट्यानं मागू नये.

जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे इथे सतीश शेट्टी यांचा खून झाला. जमिनींचे व्यवहार ते याच कायद्यानं उघडे करत होते. तेव्हापासून वाळू किंवा जमिनीचा विषय असेल तर तोच अर्ज चार घरांतून चार नावांनी जातो. मी हे आग्रहानं करायला लावते.

६. नियम कोण करतं, इकडेही लक्ष ठेवावं.

अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा २००२ मध्ये आला होता. गोव्याचा तर १९९७ चा. पुढे संसदेनं देशभरासाठी एकच कायदा केला, आणि तो मला योग्यच वाटला, कारण पुष्कळ राज्यांत कायदाच नव्हता. त्यात राज्य माहिती आयुक्तांची मुदत पाच वर्षं अशी लिहिलेली होती. २०१९ च्या दुरुस्तीनं ती कायद्यातून काढली आणि मुदत व पगार ठरवण्याचं काम केंद्र सरकारकडे दिलं. नियम आले आणि पाचाची तीन वर्षं झाली. माहिती आयोग निवडणूक आयोगासारखा घटनात्मक नाही, मग दर्जा तोच कशाला, असं सरकारचं म्हणणं होतं. मला ते पटत नाही. राज्याचा आयुक्त राज्य नेमतं, पगारही राज्याच्याच तिजोरीतून जातो, मग त्याची मुदत दिल्लीतल्या नियमानं का ठरावी? कायदा बदलायला संसदेत उभं राहून बोलावं लागतं, नियम बदलायला अधिसूचना पुरते. शिवाय जून २०२३ अखेर महाराष्ट्राच्या आयोगापुढे एक लाखाहून जास्त अपिलं आणि तक्रारी पडून होत्या. ज्याचं अपील त्यात अडकलं, त्याला हा वाद पुस्तकी वाटत नाही.

७. नावाशिवाय हजेरीपट तपासता येत नाही.

रोजगार हमीचा हजेरीपट आम्ही एकदा पारावर वाचला. एका नावाशी बायका थांबल्या. ती सून तर बाळंतपणाला माहेरी होती, मग खडी कुणी फोडली? हे नाव वाचल्यामुळेच कळलं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा झाला, त्यानं माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदललं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल अमलात आहे. पूर्वी विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येत नसे. ते वाक्य गेलं. आता ‘वैयक्तिक’ एवढा शब्द लिहून अर्ज परत येऊ शकतो.

खासगीपणाची मलाही काळजी आहे. शेजारणीचा बँक खाते क्रमांक मागणारा अर्ज मी लिहून दिला नव्हता. पण खाते क्रमांकावर काळी शाई फिरवून उरलेला कागद देण्याची सोय कलम १० मध्ये पहिल्यापासून आहे. त्यासाठी नावं झाकायची गरज नव्हती.

कलम ८(२) अजून शाबूत आहे. सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. म्हणून हल्ली प्रत्येक अर्जात हित कोणतं ते दोन ओळींत लिहिते, दीडशे शब्दांतले वीस त्यावर जातात. गेल्या महिन्यात पाझर तलावाच्या कामाचा हजेरीपट मागितला आहे, नावांसकट. उत्तराला अजून अकरा दिवस आहेत. पहिल्या अपिलाचा कागद मी भरून ठेवला आहे, तारखेची जागा तेवढी मोकळी आहे.