मेटॅलिक रंगाचा पाठ : गाडीवर चट्टे का उठतात?



आपल्या भागात कारहुणवीला, म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमेला, बैलांची शिंगं घासून रंगवतात. त्यासाठी चांदी रंगाचा डबा आणला की आधी काडीने तळापासून ढवळावा लागतो. न ढवळता ब्रश बुडवला तर शिंगावर नुसतं तेलकट पाणी लागतं, कारण चांदी सगळी तळाला बसलेली असते. अर्थात ती चांदी नसतेच, ॲल्युमिनिअमची पूड असते. लाईटच्या खांबाला आणि लोखंडी शिडीला लावतात तीच.

गाडीच्या मेटॅलिक रंगातही हेच ॲल्युमिनिअम असतं, फक्त पापुद्र्यांच्या रूपात. एकेक पापुद्रा साधारण 10 ते 50 मायक्रॉनचा. डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड धरला, तर पापुद्रा त्याहून लहानच. मैंदर्गीतली माझी बरीच मुलं घरी कन्नड बोलतात. त्यांना मी सांगते, रंग म्हणजे बण्ण आणि आरसा म्हणजे कन्नडी, तर मेटॅलिक म्हणजे बण्णात मिसळलेल्या हजारो बारीक कन्नडी. एवढं कळलं की पुढचा सगळा पाठ सोपा जातो.

हा विषय घ्यायचं कारण असं. आता बाजारात रंगाचे स्प्रे कॅन सहज मिळतात. मोटारसायकलच्या मडगार्डवर ओरखडा पडला की सुट्टीच्या दिवशी मोबाईलवर व्हिडिओ बघून अंगणातच काम सुरू होतं. संध्याकाळी बघावं तर एका बाजूने रंग उजळ, दुसऱ्या बाजूने काळपट, मध्ये ढगासारखे चट्टे. आणि हे सगळं चालू असताना घरातली पोरं भोवती कोंडाळं करून उभी! चट्ट्यांचं बघूच, पण पोरांचं त्याहून महत्त्वाचं आहे.

साधा पांढरा किंवा लाल रंग कुठे जाड, कुठे पातळ बसला तरी पत्रा पूर्ण झाकला की फरक फारसा दिसत नाही. मेटॅलिकचं तसं नाही. पापुद्रे पत्र्याला समांतर, जमिनीवर फरशी बसवावी तसे आडवे बसले तर प्रकाश एका दिशेने परत येतो आणि रंग उजळ दिसतो. रंग जाड आणि ओला मारला तर तो वाळेपर्यंत पापुद्रे आत तरंगत राहतात. काही उभे राहतात, काही एका जागी गोळा होतात. उभा पापुद्रा प्रकाश भलतीकडे पाठवतो, म्हणून तो भाग काळपट दिसतो. एकाच डब्यातला रंग ओला मारला तर गडद आणि कोरडा मारला तर फिका दिसतो, तो यामुळे. चट्टा म्हणजे रंग कमी पडलेली जागा नव्हे, आरसे वेगळ्या कलाने बसलेली जागा.

वर्गात हे दाखवायला रंग लागत नाही. चॉकलेटच्या चंदेरी कागदाचे बारीक तुकडे करा. काळ्या कार्डशीटच्या अर्ध्या भागावर ते सपाट चिकटवा, उरलेल्या अर्ध्या भागावर चुरगाळून कसेही चिकटवा. खोली थोडी अंधारी करून टॉर्च मारा आणि मुलांना एका बाजूने दुसऱ्या बाजूला चालत जायला सांगा. सपाट भाग एका जागेवरून लख्ख चमकतो आणि बाजूला सरकलं की विझतो. चुरगाळलेला भाग कुठूनही मध्यमच दिसतो. वरच्या प्राथमिक वर्गात परावर्तन शिकवताना पुस्तकातल्या आकृतीपेक्षा हे जास्त लक्षात राहतं, असा माझा अनुभव आहे.

दुसरी कृती हाताच्या चालीची. इस्त्रीच्या वेळी वापरतो ती पाण्याची फवारणी बाटली घ्या, पाण्यात थोडी नीळ घाला आणि भिंतीला वर्तमानपत्र लावा. आधी मनगट फिरवत झाडूसारखा हात मारा. मग मनगट ताठ ठेवून, अख्खा हात भिंतीला समांतर नेत मारा. पहिल्यात मधोमध निळा ओघळ येतो आणि टोकं फिकी राहतात, कारण मध्ये अंतर 20 सेंमी असेल तर टोकाला ते 30 होतं. दुसऱ्यात पट्टा सारखा येतो. गॅरेजमधला रंगारी कमरेतून का हलतो, हे मुलांना इथेच कळतं. ज्यांचे वडील किंवा मामा गॅरेजला कामाला आहेत ती एरवी गप्प बसणारी मुलं या तासाला फार बोलतात, त्यांना बोलू द्यावं.

फवारा मध्ये दाट आणि कडेला विरळ असतो, म्हणून एका पट्ट्यावर दुसरा चढवावा लागतो. साध्या रंगाला अर्धा चढवला तरी चालतो. मेटॅलिकला दोन तृतीयांश चढवणं बरं. पट्टा 15 सेंमी रुंद असेल तर पुढच्या वेळी फक्त 5 सेंमी खाली सरकायचं, म्हणजे प्रत्येक जागेवरून फवारा तीनदा जातो. अपूर्णांकाचं इतकं सरळ उदाहरण मला तरी दुसरं सापडलेलं नाही.

आता पालकांसाठी प्रत्यक्ष काम. कॅन असेल तर अंतर 25 ते 30 सेंमी ठेवा, गन असेल तर 15 ते 20. कॅन आधी दोन मिनिटं तरी खडखडवा. आतली गोळी तळाचं ॲल्युमिनिअम वर आणायलाच असते. जुना रंग 600 ते 800 नंबरच्या वॉटर पेपरने मऊ घासा, खड्डा असेल तर लांबी भरा, उघड्या पत्र्यावर प्रायमर द्या. प्लास्टिकच्या भागाला त्याचा वेगळा प्रायमर लागतो, नाहीतर रंग पापडासारखा निघतो. फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच सोडा. पहिला हात अगदी पातळ हवा, खालचं दिसत राहिलं तरी चालेल. इथेच घाई होते आणि एकदम झाकायला जाऊन ओघळ येतात. ओली चमक जाऊन रंग मंद दिसेपर्यंत थांबा, साधारण 5 ते 10 मिनिटं, मग दुसरा हात, मग तिसरा. शेवटी थोडं लांबून, हलक्या हाताने आडवा-उभा शिडकावा द्यायचा. तो विरळ असल्यामुळे लगेच वाळतो, पापुद्रे जिथे पडले तिथेच बसतात आणि ढग बरेचसे पुसले जातात. हा थर घासू नका, घासलं की आरसेच कापले जातात. कचरा बसलाच तर तेवढं हलकं घासून परत रंगाचा पातळ हात द्यावा लागतो. त्यावर पारदर्शक लॅकर.

आपल्या सोलापूरच्या उन्हाचाही यात वाटा आहे. एप्रिल-मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. अशा वेळी थिनर हवेतच उडतो आणि रंग कोरडी पूड होऊन खरखरीत बसतो. रंगारी उन्हाळ्यात सावकाश उडणारा थिनर घेतात, कॅनमध्ये ती सोय नाही. पावसाळी दमट हवेत सेल्युलोजच्या रंगावर पांढरट धुकं धरतं. हिवाळ्यातली सकाळ, ऊन वर आल्यानंतर पण वारा सुटण्याआधी, ही वेळ चांगली. मात्र शेजारी खळ्यावर मळणी चालू असेल तर तो दिवस सोडा. जमिनीवर पाण्याचा सडा टाकला की धूळ बसते, गॅरेजवालेही हेच करतात.

आता मुलांचं. गॅरेजमध्ये हार्डनर मिसळून जो टिकाऊ लॅकर मारतात, त्यात आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. फवाऱ्यातून ती श्वासात गेली तर दमा जडू शकतो. एकदा शरीर त्याला चिडलं की पुढे थोड्याशा मात्रेनेही त्रास होतो. रुमाल किंवा कोरोनाच्या वेळचा मास्क वाफ अडवत नाही. म्हणून हार्डनरचा लॅकर घरी मारू नका, तळाशी बटण दाबून हार्डनर सोडायचा कॅनही नको. साध्या कॅनमध्येही थिनर असतोच. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतं. त्यामुळे 'लांबून बघ' एवढं पुरत नाही. मुलं त्या वेळी दुसऱ्याच्या घरी असावीत आणि वास पूर्ण जाईपर्यंत परत येऊ नयेत. जवळ पेटता बंब, चूल, बिडी काहीही नको.

पेट्रोलची टाकी तर घरी रंगवूच नये. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ भरलेली असते. शिवाय साध्या कॅनच्या लॅकरवर पेट्रोलचे थेंब सांडले की तो विरघळून उठतो, म्हणजे केलेली मेहनत पंपावरच जाते. हे काम गॅरेजचं.

शिक्षकांनी एक लक्षात ठेवावं. सुट्टीत 'काम शिकायला' म्हणून मुलं गॅरेजला जातात. 2016 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने 14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक कामावर घेता येत नाही. शिकण्याला माझा विरोध नाही, उलट हातातलं कसब शाळेत यावं असंच वाटतं. पण पालकसभेत एवढं तरी विचारा की तुमचा मुलगा तिथे पत्रा घासतो की गनजवळ उभा राहतो, आणि लॅकर चालू असताना तो कुठे असतो.

राहिली रंग जुळण्याची गोष्ट. डब्यावरचा क्रमांक तोच असला तरी पाच वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग तसा राहिलेला नसतो. आधी पुठ्ठ्यावर मारून, लॅकर देऊन, वाळल्यावर गाडीशेजारी धरून सावलीत आणि उन्हात, समोरून आणि बाजूनेही बघा. आणि दुरुस्तीऐवजी अख्ख्या गाडीचा रंगच बदलायचा विचार असेल, तर आरसी बुकात गाडीचा रंग लिहिलेला असतो. आपल्या एमएच 13 च्या गाड्यांसाठी तो बदल सोलापूरच्या आरटीओत आधी विचारून नोंदवून घ्यावा लागतो.