भिक्षा, दया आणि पुनर्वसन

मागून खाण्याचे सर्वच प्रकार आपल्या समाजाने हीन मानले नाहीत. पहाटे चिपळ्या वाजवीत येणारा वासुदेव, जोगवा मागणारी स्त्री, माधुकरीवर विद्या संपादन करणारा विद्यार्थी यांना गावगाड्यात मानाचे स्थान होते. आज एस. टी. स्थानकावर वा देवळाच्या पायरीवर हात पसरणाऱ्याला तसे स्थान नाही. २०११ च्या जनगणनेत देशात भिकारी व निराश्रित भटके म्हणून ४,१३,६७० व्यक्तींची नोंद झाली.

या प्रश्नाकडे प्रारंभी बंदोबस्ताच्या दृष्टीने पाहिले गेले. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियमाने गाऊन, नाचून वा भविष्य सांगून पैसे मागणे हीदेखील भीकच ठरविली व पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत ठेवण्याची तरतूद केली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातील अनेक तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भीक मागण्यावर सरसकट बंदी घालण्यास नकार देताना हा सामाजिक व आर्थिक प्रश्न असल्याचे म्हटले. २०२२ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या 'स्माईल' योजनेत पुनर्वसनावरच भर आहे.

परंतु पुनर्वसन कोणाचे व कसे? हात पसरणारे सर्व एकाच कारणाने रस्त्यावर आलेले नसतात. म्हणून मदतीचा मार्गही एक असू शकत नाही.

बालकाच्या हाती दिलेले नाणे बहुधा त्याच्यापाशी राहत नाही. बालकाला भिकेसाठी वापरणे हा २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार पाच वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. अशा वेळी १०९८ या क्रमांकावर कळविणे हीच खरी मदत होय. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेने प्रवेश नाकारू नये, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. शिक्षकांनी हे विसरता कामा नये. निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना, तर विधवा व अपंगांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देऊन वैद्यकीय तपासणीसाठी नेण्याचे कर्तव्य २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने पोलिसांवर सोपविले आहे.

धडधाकट, पण काम नसलेल्या माणसाला काम हवे असते. समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरुग्णांना बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळील आनंदवनात शेती व हस्तोद्योगांत सामावून घेतले. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक येथे धर्मशाळा उभारल्या. त्या दोघांनीही दान नाकारले नाही. त्याला दिशा दिली. कोणाचेही भाकरीचे ताट हिरावून घ्यावे, असा याचा अर्थ नव्हे. भुकेल्यास अन्न द्यावेच. मात्र त्याबरोबर त्याचे नाव, गाव व अडचणही विचारावी.

ग्रामपंचायत सदस्यांची जबाबदारी याहून आधी सुरू होते. शहरातील पदपथावर दिसणारी वृद्धा कधीकाळी कोणत्या तरी गावची रहिवासी होती. एखादा दाखला मिळाला नाही, अर्ज वेळेवर पुढे गेला नाही, शिधापत्रिकेवरून नाव कमी झाले, अशा लहानसहान गोष्टींतून माणसाच्या पायाखालची जमीन सरकत जाते. आपल्या गावातील निराधारांची यादी करून प्रत्येकाचा अर्ज तहसील कार्यालयात पोहोचला किंवा नाही, याची खातरजमा ग्रामसभेने वर्षातून दोनदा केली, तरी अनेकांवर गाव सोडून हात पसरण्याची वेळ येणार नाही.