मंद्र स्वर आणि पिकअपची निवड

अकौस्टिक बास गिटारची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते. एवढा मंद्र स्वर तिच्या लहान पेटींतून संमेलनाच्या सभागृहांत पुरेसा पोंचत नाहीं. म्हणून पिकअप व अँप्लिफायर यांचें साहाय्य घ्यावें लागतें. परंतु पिकअप कोणतें घ्यावें? तें प्रथम तारेवरून ठरवावें.

मिरजेचा तंबोरा पाहा. त्याच्या जोडाच्या तारा पोलादी, खर्जाची पितळी. चुंबकीय पिकअप केवळ पोलादी तारेचें कंपन ओळखतें. त्यास जोड ऐकूं येईल, खर्ज नाहीं. गिटारच्या तारेवर कांशाचें वेष्टन असलें तरी गाभा पोलादी असल्यास तें चालतें. नायलॉनच्या गाभ्यास मात्र घोडीखालचें पीझो पिकअप हवें. तें दाब जाणतें, धातु पाहत नाहीं. पण त्याचा विद्युत्संदेश क्षीण असल्यानें मध्यें प्रीअँप्लिफायर ठेवावा.

लाउडस्पीकरचा आवाज पेटींत शिरून पुनः पिकअपमध्यें गेला, कीं कर्कश घुमारा उठतो. यास्तव लाउडस्पीकरचें तोंड वाद्याकडे नसावें, आणि पेटीचें नादरंध्र रबरी झांकणानें बंद करावें.

खरेदीपूर्वीं एक लहान लोहचुंबक तारेस लावून पाहा. तार ओढली न गेल्यास चुंबकीय पिकअपवर केलेला खर्च व्यर्थ होय.