प्रश्नोत्तराचा विजेचा फलक का बिघडतो?

प्रश्नोत्तराचा विजेचा फलक तुम्ही पाहिलाच असेल. पुठ्ठ्याच्या एका बाजूला प्रश्न असतात, दुसऱ्या बाजूला उत्तरे असतात. प्रत्येकाशेजारी एक ड्रॉइंग पिन टोचलेली असते. एक तार प्रश्नाच्या पिनेला व दुसरी उत्तराच्या पिनेला टेकवायची. उत्तर बरोबर असेल तर दिवा लागतो. यात जादू काही नाही. पुठ्ठ्याच्या मागे प्रत्येक प्रश्नाची पिन तिच्या उत्तराच्या पिनेला तारेने जोडलेली असते. त्यामुळे विजेला सेलपासून दिव्यापर्यंत जाऊन परत सेलकडे यायला पूर्ण वाट मिळते. वाट मध्ये कुठेही तुटली की दिवा लागत नाही.

आमच्या वर्गात जो फलक आहे तो माझ्या दादाने बनवला होता. तीन पावसाळे तो आमच्या माळ्यावर पडून होता. त्यावर सहा प्रश्न आहेत. रुक्मिणीमातेचे माहेर कोणते? (कौंडण्यपूर, हे तर सगळ्यांनाच येते.) वर्धा नदी कोठे उगम पावते? (मध्य प्रदेशात, मुलताईजवळ.) ग्रामगीता कोणी लिहिली? (राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.) गाडगेबाबांचा जन्म कोठे झाला? (शेंडगाव.) डॉ. पंजाबराव देशमुखांचा जन्म कोठे झाला? (पापळ.) आपला तालुका कोणता? (तिवसा.) पालकसभेच्या दिवशी हा फलक सगळ्यांना दाखवायचा ठरला, आणि तो तर लागेचना.

बाईंनी सांगितले, एका वेळी एकच गोष्ट तपासा. म्हणून पहिल्यांदा पिनांकडे पाहिलेच नाही. दोन्ही तारांची मोकळी टोके एकमेकांना टेकवली. असे केले म्हणजे पुठ्ठा बाजूला राहतो आणि सेल, दिवा व तारा एवढेच उरतात. तरी दिवा लागला नाही. म्हणजे बिघाड पुठ्ठ्यामागे आहे की नाही हे नंतर पाहायचे, आधी इकडेच शोधायचे.

आमचा दिवा पांढरा एलईडी आहे. बॅटरीतला जुना काचेचा बल्ब कसाही जोडला तरी लागतो, पण एलईडीचे तसे नसते. त्यातून वीज एकाच दिशेने जाते. त्याचा लांब पाय सेलच्या धन टोकाकडे, म्हणजे डोके असलेल्या बाजूकडे, जोडावा लागतो. दिवा थेट सेलला लावला, उलटून पण पाहिला. नाहीच. मग मोडक्या खेळण्यातला लाल एलईडी त्याच सेलला लावला, तर तो छान लागला! सगळे चकित झाले. सेल चांगले असतील तर पांढरा का लागत नाही, आणि संपले असतील तर लाल कसा लागतो?

मोटार बांधणाऱ्या मिस्त्रीकाकांनी मीटर लावून पाहिले. नवा सेल १.५ व्होल्टचा असतो. आमचे दोन्ही सेल भिंतीवरच्या घड्याळांतून काढलेले होते, ते प्रत्येकी १.२ भरले. दोन मिळून २.४ झाले. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला ३ च्या जवळपास लागतात. घड्याळाचे काम थोडक्यात भागते, म्हणून ते चालत राहते. पण घड्याळ चालते म्हणून सेल ताजा आहे असे समजू नये. नवे सेल घातले आणि टोके टेकवताच दिवा लागला. (लाल एलईडीला नव्या सेलचे ३ व्होल्ट जास्त होतात. त्याच्यासोबत १०० ओहमचा रोधक लावावा, असे काकांनी सांगितले.)

पण खरी गंमत पुढेच आहे. आता फलक लागू लागला, पण चुकीचे सांगू लागला. गाडगेबाबांच्या प्रश्नाला शेंडगावही लागे आणि पापळही लागे. दुसरीतला एक मुलगा फलक पाहून घरी गेला आणि गाडगेबाबा पापळचे म्हणून सांगू लागला. त्याचे आबाजी शाळेत येऊन म्हणाले, "काहून गा बापू, गाडगेबाबा पापळचे कधीपासून झाले?" न लागणारा फलक बरा, कारण त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

मग एक युक्ती केली. एक तार गाडगेबाबांच्या प्रश्नाला आणि दुसरी पंजाबरावांच्या प्रश्नाला टेकवली. प्रश्नाला प्रश्न जोडला तर दिवा लागायला नको, पण लागला. म्हणजे मागे या दोन जोड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. पुठ्ठा उलटा केला. दोन तारा जिथे एकमेकींवरून जातात तिथेच उंदराने वरचे प्लास्टिक कुरतडले होते आणि तांबे तांब्याला लागले होते. दोन्ही जागी चिकटपट्टी गुंडाळली. शेंडगाव शेंडगावला आणि पापळ पापळला गेले.

वर्धा नदीचा प्रश्न मात्र कशालाच लागत नव्हता. त्याची जुनी तार तुटली होती म्हणून तिथे पंपाच्या मोटारीच्या कॉइलमधली तार लावलेली होती. ही तार उघडी दिसते, पण उघडी नसते. तिच्यावर वॉर्निशचा पातळ थर असतो आणि त्यातून वीज जात नाही. हा थर नसता तर मोटारीत सगळे वेढे एकमेकांना लागून गेले असते. दोन्ही टोके पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, मग लागला.

रुक्मिणीमातेचा प्रश्न दाबून धरला तरच लागे. ती पिन गंजली होती. नवी टोचली. पिन घेताना रंगीत डोक्याची घेऊ नये, रंगातून वीज जात नाही.

विजेचा सेल इटलीच्या व्होल्टा या शास्त्रज्ञाने १८०० साली बनवला. व्होल्ट हे नाव त्याच्यावरूनच आहे. घरातल्या विजेला २३० व्होल्ट असतात, म्हणून हा फलक भिंतीतल्या प्लगला कधीही लावू नये. सेलची दोन टोके नुसत्या तारेने जोडू नयेत, तार तापते.

फलक खिडकीजवळ ठेवला आहे. सेल काढून बाईंच्या टेबलाच्या खणात ठेवले आहेत. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी मागून घ्यावेत.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी