हवाबंद विजेरीतील जुने घट

अंधारात वाट दाखविणारी विजेरी तुम्हां सर्वांच्या परिचयाची आहे. बोलताना आपण तिला 'बॅटरी' म्हणतो आणि तिच्यात घालावयाच्या घटांना 'सेल' म्हणतो. पत्र्याच्या जुन्या विजेरीत पावसाचे पाणी सहज शिरत असे. आता मात्र अनेक विजेऱ्यांच्या झाकणाच्या आट्यांपाशी रबराचे कडे बसविलेले असते, त्यामुळे पाणी आत जात नाही. रात्री शेताला पाणी द्यायला जाणाऱ्यांना, गड चढणाऱ्यांना आणि पाणबुड्यांना अशा विजेऱ्या फार उपयोगी पडतात. परंतु जेथून पाणी आत शिरत नाही, तेथून वायूही सहजासहजी बाहेर पडत नाही. अशा विजेरीत जुने अल्कली घट राहिले तर काय होऊ शकते, ते पाहू.

घटाच्या पोटात

साध्या कोरड्या घटात जस्ताचे भांडे हेच ऋणाग्र असते. अल्कली घटाची रचना निराळी आहे. लुइस उरी या संशोधकाने विकसित केलेला हा घट अमेरिकेत १९५९ साली बाजारात आला. त्याच्या मध्यभागी जस्ताची पूड खळीसारख्या पदार्थात मिसळलेली असते आणि तिच्याभोवती मँगॅनीज डायऑक्साइडचा थर असतो. बाहेरचा डबा पोलादी असतो. आत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे संहत द्रावण असते. हा अल्क अतिशय दाहक आहे.

वायू कोठून येतो?

घट नुसता पडून असला, तरी जस्ताची पाण्याशी सावकाश क्रिया चालूच असते :

जस्त + पाणी → जस्त ऑक्साइड + हायड्रोजन

ही क्रिया मंद करण्यासाठी पूर्वी जस्तात पारा मिसळीत. पारा विषारी असल्यामुळे तो बहुतेक घटांतून काढून टाकण्यात आला. आता शुद्ध जस्तात इंडियम, बिस्मथ यांसारखे धातू अल्प प्रमाणात घालतात. त्यामुळे हायड्रोजन फार थोडा निर्माण होतो.

खरा धोका नवे आणि जुने घट एकत्र घातल्यावर उद्भवतो. समजा, विजेरीत तीन घट एकसरीत जोडले आहेत. दोन नवे आहेत आणि एक जवळजवळ संपलेला. एकसरीत सर्वांतून सारखाच प्रवाह वाहतो, हे तुम्ही शिकला आहातच. तिघे दोरीला बांधून चालत असता एक थकून बसला, तर बाकीचे दोघे त्याला फरफटत नेतील. तसेच येथे घडते. जुन्या घटातील रसायने संपली, तरी नवे घट त्यातून प्रवाह ढकलतच राहतात. त्याची धन व ऋण टोके उलट होतात. तो आता वीज देणारा घट न राहता पाण्याचे विघटन करणारे पात्र बनतो आणि त्यात हायड्रोजन तयार होऊ लागतो. एखादा घट चुकून उलटा बसविला, तर त्यातही वायू निर्माण होतो.

थोडे गणित

किती हायड्रोजन तयार होईल? २ ग्रॅम हायड्रोजन मुक्त करण्यास २ × ९६,५०० = १,९३,००० कूलोम विद्युत्भार लागतो. नेहमीच्या तापमानास त्याचे आकारमान सुमारे २४ लिटर असते. उलट झालेल्या घटातून ०.१ अँपिअर प्रवाह एक तास वाहिला, तर ०.१ × ३,६०० = ३६० कूलोम होतात. हा सर्व विद्युत्भार हायड्रोजन निर्माण करण्यात खर्ची पडला, तर सुमारे ४५ मिलिलिटर वायू मिळेल.

घटात दाब वाढला, की त्याच्या ऋण टोकाकडील पातळ पडदा फाटतो. घट फुटू नये यासाठीच ही योजना असते. परंतु तेथून निघालेला वायू विजेरीत अडकतो. विजेरीत ५० मिलिलिटर मोकळी जागा असेल, तर आतील दाब जवळजवळ दुप्पट होईल. शिवाय हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असेल, तर ते मिश्रण स्फोटक असते. आपल्या उदाहरणात हे प्रमाण ४७ टक्क्यांच्या आसपास येते. अशा मिश्रणाला बटणापाशी उडणारी बारीकशी ठिणगीही पुरते.

म्हणूनच पाणबुड्यांच्या काही विजेऱ्यांत पॅलॅडियमयुक्त गोळी ठेवतात. ती उत्प्रेरकाचे काम करते आणि हायड्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग घडवून पाणी बनविते. पण ५० मिलिलिटर हवेत ऑक्सिजन सुमारे १० मिलिलिटरच असतो. तो २० मिलिलिटर हायड्रोजनला पुरतो. पुढे गोळी असून नसल्यासारखीच!

काय करावे?

१. सर्व घट एकाच वेळी बदला. ते एकाच जातीचे व एकाच कंपनीचे असू द्या.

२. विजेरी बरेच दिवस वापरावयाची नसेल, तर घट काढून ठेवा.

३. अल्कली घट पुन्हा प्रभारित करू नका, विस्तवात टाकू नका.

४. विजेरी फुगली असेल किंवा झाकणातून फुसफुस आवाज येत असेल, तर ती स्वतः उघडू नका, तिचे बटणही दाबू नका. तिची टोके कोणाकडेही रोखली जाणार नाहीत अशा बेताने ती मोकळ्या जागी ठेवा आणि मोठ्या माणसांना सांगा.

५. घटावर दिसणारी पांढरी पूड बहुधा पोटॅशियम कार्बोनेटची असते. गळालेल्या अल्कावर हवेतील कार्बन डायऑक्साइडची क्रिया होऊन ती बनते. तिला उघड्या हाताने स्पर्श करू नका. अल्क त्वचेला लागल्यास भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा मिनिटे पाण्याने धुवत राहा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जा.

करून पहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली एकच घट घ्या व त्याला १.५ व्होल्टचा छोटा दिवा जोडा. दिवा जोडण्यापूर्वी आणि तो जोडलेला असताना घटाचा दाब व्होल्टमापीने मोजा. वापरलेला घट मोकळा असताना १.३ व्होल्ट दाखवील, पण दिवा जोडताच त्याचा दाब बराच खाली येऊ शकतो. नव्या घटाशी तुलना करा. नुसत्या मोकळ्या घटाचे मापन का फसवे ठरते? अंतर्गत रोध आठवा आणि उत्तर वहीत लिहा. नवे व जुने घट एकत्र जोडण्याचा प्रयोग मात्र मुळीच करू नका.