जे नाही, त्याविषयी खरे बोलता येते काय?

वादविवादात एक आक्षेप वारंवार येतो. "नित्य आत्मा नाही असे तुम्ही म्हणता. मग 'आत्मा' हा शब्द कशाला उद्देशून वापरता? नाव घेतले, म्हणजे अस्तित्व मान्य केलेच!" हा आक्षेप टिकला, तर जगात कशाचाही निषेध करता येणार नाही. म्हणून त्याचे उत्तर विद्यार्थ्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

अडचण कोठे आहे?

अनुमानात ज्याच्याविषयी काही सिद्ध करावयाचे, त्याला पक्ष किंवा धर्मी म्हणतात. 'पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे' यात पर्वत हा पक्ष होय. पर्वतच नसेल तर धूर कोठे राहणार? अशा निराधार हेतूच्या दोषाला 'आश्रयासिद्धी' म्हणतात. सांख्यांनी जगाचे मूळ कारण म्हणून 'प्रधान' मानले. बौद्ध म्हणाले, 'प्रधान नाही, कारण ते उपलब्ध होत नाही.' यावर प्रश्न आला की, प्रधानच नाही तर तुमच्या हेतूला आश्रय कोणता?

बौद्ध आचार्यांचे उत्तर

आचार्य दिङ्नागांनी 'न्यायमुख' या ग्रंथात हेच उदाहरण घेतले आहे. त्यांच्या मते येथे पक्ष म्हणजे बाहेरची वस्तू नव्हे, तर कल्पिलेले प्रधान. पुढे आचार्य धर्मकीर्तींनी हे अधिक स्पष्ट केले. शब्दाने मनात जो अर्थ उमटतो, तोच धर्मी. म्हणजे 'प्रधान नाही' याचा अर्थ, 'या कल्पनेला बाहेर कोणत्याही वस्तूचा आधार नाही.' विधान खरे की खोटे हे हेतूच्या बळावर ठरेल. परंतु ते निरर्थक मुळीच नाही.

नैयायिकांना हे पटले नाही. उदयनाचार्यांच्या मते 'सशाला शिंग नाही' एवढे म्हणता येते. कारण ससा खरा आहे आणि शिंगही इतर प्राण्यांना असते. पण 'सशाचे शिंग' हाच पक्ष धरून काही बोलणे त्यांना अमान्य होते. बौद्ध तार्किकांनी उलट विचारले : 'असत् वस्तूविषयी काही बोलू नये' असे सांगताना आपण कोणाविषयी बोलत आहात?

निषेधाचे दोन प्रकार

मात्र असत् वस्तूविषयी वाटेल ते खरे ठरते असे नाही. 'सशाचे शिंग धारदार आहे' हे सिद्ध होऊ शकत नाही, कारण खरा गुण राहण्यास खरी वस्तू लागते. आता 'ते धारदार नाही' हे वाक्य पाहा. त्याचे दोन अर्थ होतात. 'धारदार शिंग तेथे आहे, हे खरे नाही' हा केवळ निषेध. याला प्रसज्य-प्रतिषेध म्हणतात. 'शिंग आहे, पण बोथट आहे' हा दुसरा अर्थ. यात निषेधाच्या आडून विधान येते. याला पर्युदास म्हणतात. पहिला अर्थ खरा, दुसरा खोटा.

पाश्चात्त्य तर्कशास्त्रात बर्ट्रांड रसेल यांनी १९०५ साली 'फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे' हे उदाहरण घेतले. फ्रान्समध्ये तेव्हा प्रजासत्ताक होते, आजही आहे. रसेल म्हणतात, या वाक्यात 'असा एक राजा आहे' हे विधान दडलेले आहे. ते खोटे, म्हणून संपूर्ण वाक्य खोटे. 'तो टकला नाही' याचेही त्यांनी असेच दोन अर्थ दाखविले.

आपल्यासाठी बोध

हा केवळ पंडितांचा खेळ नव्हे. 'पिंपळावरचा मुंजा कोणाला त्रास देत नाही' असे कोणी समजुतीने सांगतो. ऐकणाऱ्याची भीती क्षणभर कमी होते, पण मुंजा पिंपळावर कायम राहतो! 'पिंपळावर मुंजा नाही' हे वाक्यच त्याला खाली उतरविते. नाव घेणे म्हणजे अस्तित्व मानणे नव्हे. परंतु गुण चिकटविताना मात्र अस्तित्व नकळत मान्य होते. म्हणून निषेध करताना आपण वस्तूचा निषेध करतो की केवळ तिच्या गुणाचा, हे प्रत्येकाने तपासावे.

स्वाध्याय : 'वंध्येचा पुत्र गोरा नाही' या वाक्याचे दोन अर्थ लिहा. त्यांपैकी कोणता खरा, ते सकारण सांगा.