बांधापलीकडचा भरवसा

सटाणा

चि. निखिल,

आत्मविश्वास वाढावा म्हणून तू मोबाइलवर भाषणं ऐकतोस म्हणे. ऐक बापडा, पण शेतकऱ्याचा भरवसा एकट्याने बसून तयार होत नाही. आपल्या बागलाणातच बघ. मोसम आणि आरम नद्यांच्या काठी फडपद्धत शेकडो वर्षं चालली. एका फडात, म्हणजे शिवाराच्या एका तुकड्यात, एकच पीक, प्रत्येकाची जमीन निरनिराळ्या फडांत, पाणी द्यायचं ते पाटकऱ्याने. पाणी कमी असलं की एखादा फड पडीक ठेवायचा, म्हणजे तोटा एकाच्याच माथी बसत नसे. वाईट वर्षी आपल्या वाट्याला काय येणार हे ठाऊक असलेला माणूस धीराने पेरतो. पुढे हरणबारी, केळझरची धरणं झाली, विहिरी खोल गेल्या, पाणी ज्याचं त्याचं झालं. सोय झाली खरी, पण आता बोअर आटली की तीही ज्याची त्याचीच आटते.

तू म्हणशील, गावकीत कसलं आलंय सुख? भाऊबंदकी, लग्नातला बडेजाव, कुणाचं सोसायटीचं कर्ज किती थकलं याची पारावर चर्चा. खरंय, नुसती ओळखपाळख माणसाला पोखरतेसुद्धा. मी म्हणतो ते कामातलं नातं. डाळिंबावरचा तेल्या रोग घे. आधी पानाफळांवर तेलकट काळे डाग, मग फळ तडकतं. पावसाच्या थेंबांनी, वाऱ्याने रोग शेजारच्या बागेत जातो. पहिला डाग लाजेखातर लपवणारा आपलीही बाग घालवतो, शेजाऱ्याचीही. ‘माझ्याकडे डाग दिसलाय’ असं बोलता येतं तिथे रोगट फांद्या वेळेत छाटून जाळल्या जातात. कर्जाने झोप उडते, त्याचंही असंच: वेळेत बोललं तर निभावतं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली ती मे 2024 पर्यंत राहिली. तेव्हा मित्र असलेल्याचा कांदाही पडल्या भावानेच गेला. मैत्रीने भाव चढत नाही, आणि ‘मन घट्ट करा’ म्हणत धोरणाचं पाप शेतकऱ्याच्या गळ्यात मारणं मला साफ नामंजूर आहे. पण 1980 साली शेतकरी नेते शरद जोशींबरोबर नाशिकचे कांदा-ऊसवाले भावासाठी रस्त्यावर उतरले, ते आठव. तोटा आपल्या नालायकीने नाही, भावाने होतो, हे घरात कुढत बसलेल्याला उमगत नाही. हजारोंत उभं राहिल्यावर उमगतं.

तेव्हा पाटसफाईला मजूर धाडू नकोस, स्वतः जा. आणि हप्ता थकलाच, तर सावकाराची पायरी चढण्याआधी घरात सांग.

तुझा,
मामा